दोन सीटची गाडी

टिटवाळा
३ फेब्रुवारी २०२५

ऑस्वल्ड,

एरवी सुरुवातीला ‘सप्रेम जय भीम’ लिहितो. आज सप्रेम लिहिलं तर खोटं होईल, म्हणून नुसताच जय भीम.

पत्र बघून तू हसशील. हस. फोनवर मला काही ऐकू येत नाही हे तुला ठाऊक आहे. आपल्या कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये एकतीस वर्षं मी फिटर होतो आणि तू फोरमन, तेव्हा माझे कान कुठे गेले हे तुला सांगायला नको. मोबाइलवर लिहावं तर तू अंगठा दाखवतोस. जानेवारीतले शेवटचे दोन शनिवार तुझा मेसेज आला, ‘उद्या येऊ नकोस, घरी काम आहे.’ मी विचारलं, कसलं काम? अंगठा. म्हणून आता कागदावर विचारतो. कागदावर अंगठा उठवायला निदान शाई तरी लागते.

काल डोंबिवलीला आपल्या शॉपमधल्या प्रीतमच्या मुलाचं लग्न झालं. तू आला नाहीस. का आला नाहीस ते मला जेवताना कळलं. प्रीतमने माझ्या उजव्या कानाला तोंड लावून, आपले जुने सात-आठ जण ऐकतील एवढ्या मोठ्याने विचारलं, “चांगदेव, हात थरथरतात म्हणे तुझे? ब्रेक नीट बसवले नाहीस म्हणे. ऑस्वल्डची पोरगी मरता मरता वाचली!”

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट मला अशी कळली. भर मांडवात, हातात जिलबी असताना. तू मला एक ओळ लिहिली नाहीस, पण अख्ख्या गावाला सांगून बसलास.

त्यानेच सांगितलं की गाडी तू शीळफाट्याच्या कुठल्यातरी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला देतोयस आणि तो नऊ मार्चला न्यायला येणार आहे. गाडी तुझ्या एकट्याची कधी झाली? मालकांची ती लाल जर्मन गाडी कंपनीच्या गेटातून आत आली की आपण दोघंही मशीन सोडून बघत उभे राहायचो. मालक गेले, बाईंनी ती भंगारात काढली, आपण दोघांनी मिळून घेतली. तुझ्याकडे अंगण होतं, माझ्याकडे हात होते. कागदावर नाव एकाचंच लागतं म्हणालास, ते तुझं लागलं, मी हसून हो म्हटलं. चार वर्षं दर रविवारी टिटवाळ्याहून ठाण्याला आलो. सीटखालून उंदरांची घरं काढली. दाराची काच वर येईना तेव्हा सायकलच्या ब्रेकची वायर घालून ती चालवली. जो पार्ट कुठेच मिळाला नाही तो घरी कानस मारून केला. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा तू रडला होतास.

माझं म्हणणं एकच आहे. गाडी जायच्या आधी ब्रेक माझ्यासमोर उघडायचे. माझ्या कामात खोट निघाली तर त्या सात-आठ जणांसमोर मान्य करीन आणि पुन्हा पाना हातात धरणार नाही. नाही निघाली तर बोलायचं तू. न उघडता गाडी गेली तर ती खोट मरेपर्यंत माझ्या नावावर राहील. एकतीस वर्षांत माझ्या कामावर एकच शेरा आला, आणि तो कोणी दिला हे तुला माहीत आहे.

चांगदेव


ठाणे
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय चांगदेव,

शांती असो, असं पत्रात लिहायची मला सवय आहे. मला स्वतःला ती तीन आठवडे मिळालेली नाही.

तुला ऐकायचंच आहे तर ऐक. १८ जानेवारीला, शनिवारी दुपारी, पामेलाने गाडी मागितली. चार वर्षांत मी ती पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या हातात दिली. गायमुखचा घाट चढेपर्यंत सगळं ठीक होतं. पलीकडे उतरताना पुढे कंटेनर होता, त्यामुळे ती सारखी ब्रेक मारत होती. अर्ध्या उतारावर पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत, डाव्या बाजूने भिंतीला घासत तिने गाडी थांबवली. डावं दार आता दारासारखं दिसत नाही.

ब्रेकचं काम आपण २९ डिसेंबरला केलं. आपण म्हणजे तू. पेडलमागच्या मास्टर सिलिंडरची रबर सीलं तू बसवलीस, बाकी कोणी हात लावला नाही. त्या दिवशी तुझ्या हातातून पाना दोनदा पडला. मी पाहिलं आणि बोललो नाही, हीच माझी चूक झाली. फोरमनने अशा वेळी माणसाला मशीनवरून उठवायला हवं होतं.

प्रीतमशी मी बोललो, हो. बापाच्या तोंडून त्या वेळी जे निघायचं ते निघालं. ते गोड करून सांगायला मी बांधलेला नाही.

गाडी नऊ मार्चला जाईल. उघडण्यासारखं काही नाही. ती अंगणात उभी असते, मी खिडकीचे पडदे ओढून घेतो. तू येऊ नकोस.

ऑस्वल्ड


टिटवाळा
१४ फेब्रुवारी २०२५

ऑस्वल्ड,

तुझं पत्र वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. शकू म्हणाली, आज लिहू नका. तिचं दुसरंच चाललंय. ‘सोडून द्या, त्या गाडीचं नावही घरात काढू नका’ म्हणते. तिला काय कळतंय माझं काय गेलं ते. तरी एक दिवस थांबलो. आग तशीच आहे.

फोरमन म्हणून लिहितोस ना? मग फोरमनसारखा विचार कर. सील फाटलं तर तेल गळतं. टाकीतली पातळी उतरते, चाकाची आतली बाजू ओली होते, खाली फरशीवर डाग पडतो. पडलाय डाग? चाकामागे हात घालून पाहिलास? की आधी प्रीतमला फोन आणि मग जमलं तर गाडी?

तूच लिहितोस की चढावर ब्रेक चांगले होते आणि उतारावर गेले. म्हणजे तापल्यावर गेले. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, हे कंपनीत आलेल्या नव्या पोरालाही आपण पहिल्या आठवड्यात शिकवायचो. डबा एकदा फोडला की उरलेलं तेल ठेवायचं नाही. ठेवलं तर त्यात पाणी मुरतं, ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पाय वाफेवर पडतो. पेडल खाली जातं. त्यात सीलाचा काय दोष?

आणि तेल कोणी भरलं? मी चाकाखाली ब्रेकमधली हवा काढत, तू वर पेडलवर. मला ऐकू येत नाही म्हणून आपलं ठरलेलं, पेडल दाबलंस की पत्र्यावर हाताला जाणवेल अशी एक टकटक, सोडलंस की दोन. मध्ये मध्ये उतरून टाकी भरत होतास तूच. डबा कुठला होता, ऑस्वल्ड?

चार नंबरची प्रेस आठवते? क्लच सुटतोय म्हणून मी लेखी दिलं होतं. तू कागद खिशात घातलास. आठ दिवसांनी क्लच सुटला आणि मेमो मला मिळाला. तेव्हा घरात दोन लहान पोरं होती, गिळलं. आज तू माझा फोरमन नाहीस. गाडी चालली की ऑस्वल्डची आणि बिघडली की चांगदेवची, हे मी आता गिळणार नाही.

२३ तारखेला रविवारी सकाळी दहाला येतोय. तुला आवडो न आवडो.

चांगदेव


ठाणे
२५ फेब्रुवारी २०२५

चांगदेवभाऊ,

मी डोरोथी. ऑस्वल्डना न सांगता लिहितेय.

रविवारी तुम्ही पाऊण तास आमच्या फाटकाबाहेर उभे होतात. आम्ही घरातच होतो. त्यांनी मला दार उघडू दिलं नाही. तुम्ही बेल दाबत होतात, आणि ती वाजतेय की बंद आहे हेही तुम्हाला कळत नसेल, ह्या विचाराने मी स्वयंपाकघरात नुसती जळत होते. चार वर्षं माझ्या टेबलावर जेवलेला माणूस उन्हात उभा, आणि माझा नवरा पडद्यामागे! लग्नाला अडतीस वर्षं झाली, मला त्यांची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं.

तुम्ही गेल्यावर ते अंगणात गेले. बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाची टाकी काठोकाठ भरलेली होती. एकेका चाकामागे हात घालून पाहिलं. हात कोरडा. मग येऊन पडवीत बसले ते जेवायलाही उठले नाहीत.

आता तुम्ही विचारलेल्या डब्याचं सांगते. डबा नव्हताच. आमच्यात उन्हाळ्यात मसाला कुटतात आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. तुम्ही खाल्लाय तो कितीदा. उजेड लागत नाही, वर्षभर वास जात नाही. ऑस्वल्डना त्या बाटलीवर इतका विश्वास की घरात फिनेल बाटलीत, टर्पेंटाइन बाटलीत, शिलाईच्या मशीनचं तेलही बाटलीत. दोन पावसाळ्यांपूर्वी ब्रेकच्या तेलाच्या डब्याचं झाकण हरवलं. उरलेलं तेल त्यांनी धुतलेल्या बाटलीत ओतलं, बूच मारलं आणि माझ्या मसाल्याच्या फळीवर ठेवून दिलं. मी म्हटलं, खाली ठेवा, कुणी मटणात घालेल. म्हणाले, “तुझ्या आईचा मसाला वर्षभर टिकतो, तेलाला काय होतंय!” ती बाटली नाताळनंतर फळीवर दिसलेली नाही.

मी लिहिलंय हे त्यांना सांगू नका. किंवा सांगा. मला आता कशाचीच पर्वा नाही.

डोरोथी


ठाणे
१ मार्च २०२५

प्रिय चांगदेव,

तेल माझं होतं.

हे एवढं लिहायला मला सहा दिवस लागले. मास्टर सिलिंडर मी स्वतः उघडला. तुझी सीलं जशी बसवलीस तशी होती, रबराला साधा ओरखडा नाही. प्रीतमला फोन केला. त्या मांडवात जे जे होते त्या प्रत्येकाला फोन केला आणि सांगितलं की चांगदेवचं काम चोख होतं, दोन वर्षांचं शिळं तेल मी भरलं. चार नंबरच्या प्रेसचा कागद माझ्या खिशात होता, हेही सांगितलं. दोघं जण हसले. बाकीच्यांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला, ते जास्त लागलं. दार उघडलं नाही त्याची माफी मागतो. पडद्यामागे उभा राहिलो होतो. ह्या वयात.

आता तुझी पाळी.

डोरोथीने तुला बाटलीचं लिहिलं असणार, गेले काही दिवस ती माझ्याशी ज्या तऱ्हेने बोलतेय त्यावरून कळतं. पण तिच्या आधीच तू विचारलं होतंस, डबा कुठला होता. ते वाक्य मी दहादा वाचलं. ज्याला माहीत नसतं तो असं विचारत नाही.

तिसरं चाक झाल्यावर मी टाकी भरत होतो, तेव्हा तू चाकाखालून बाहेर आला होतास. पाणी पीत होतास, माझ्यापासून दोन हातांवर. शॉपच्या ह्या टोकाला उभं राहून त्या टोकाचा बोल्ट तिरका बसलाय हे ज्याला दिसायचं, त्याला बिअरची बाटली दिसली नाही? कान गेलेत तुझे, चांगदेव, डोळे गेलेले नाहीत.

दिसली की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिही. माझ्या मुलीचा जीव जात होता. मला हे विचारायचा हक्क आहे, माझी चूक कितीही मोठी असली तरी.

ऑस्वल्ड


टिटवाळा
५ मार्च २०२५

ऑस्वल्ड,

हो. दिसली.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण का, तेही तुला वाचावंच लागेल.

त्या सकाळी नाताळच्या भेटीला तुझ्याकडे तुमच्या चर्चच्या पॅरिशची चार माणसं आली होती. गाडीभोवती फिरली, वाहवा केली. तू बॉनेटवर हात फिरवत म्हणालास, ‘चार वर्षं लागली मला.’ मला! मग त्यांच्यातल्या एकाचं लक्ष माझ्याकडे गेलं. तू म्हणालास, ‘हा आमचा फिटर.’ मोठ्याने, आनंदात असलं की बोलतोस तसं. नको ते मला नेमकं ऐकू येतं. तो माणूस जाताना माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, ‘माझ्या स्कूटरचाही ब्रेक बघ रे एकदा.’ तू हसलास. तुझ्या लक्षातही नसेल. मी मात्र त्यानंतर गाडीखाली पडून तेच ऐकत होतो. पाना पडला तो तेव्हा पडला. हात माझा थरथरतो, ते खरं आहे, पण चहाचा कप धरताना. पाना धरताना नाही.

मग तू ती बाटली आणलीस. बूच दातांनी उपटलंस. तेलाचा रंग बघूनच मला कळलं. शब्द तोंडाशी आला होता. तेवढ्यात मनात आलं, आपण फिटर. तेल फोरमन भरतोय. फोरमनला सांगणारे आपण कोण? सांगितलं तर हाही कागद खिशात जाईल. पाणी प्यालो आणि परत गाडीखाली गेलो.

मला तुला एकदा चुकलेलं बघायचं होतं, ऑस्वल्ड. मला वाटलं, गल्लीतल्या गतिरोधकाशी एक दिवस पेडल मऊ लागेल, तू घाबरशील, मला बोलावशील, आणि मग मी ती बिअरची बाटली सगळ्यांसमोर उचलून दाखवीन. तू गाडी चर्चपर्यंत नेतोस आणि परत आणतोस, सायकलच्या वेगाने. पामेला नेईल, घाटात नेईल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि वर साळसूदपणे तुलाच विचारत बसलो, डबा कुठला होता.

म्हणून तुझी माफी मला घेता येत नाही. तुझ्यावरचा राग गेलाय असं समजू नकोस. तो तसाच आहे. त्याच्यावर आता माझा माझ्यावरचा चढलाय.

चांगदेव


ठाणे
९ मार्च २०२५

डॅडी आणि चांगदेव काका,

तुम्ही दोघांनी पत्रांचा कारखाना काढलाय, तर त्यात माझंही एक घ्या. एकच मजकूर दोनदा लिहिलाय. डॅडीचं टेबलावर ठेवते, काकांचं पोस्टात टाकते.

काका, तुमची पत्रं मी वाचली. डॅडीने काय काय लिहिलं ते मम्मीने त्याच्याकडून वदवून घेतलं. सील, शिळं तेल, फोरमन, फिटर, मेमो, प्रीतम काका. सगळं आहे त्यात. पामेला कशी आहे, हे काका, तुम्ही एकदाही विचारलं नाही. आणि डॅडी, तू मला फक्त पुरावा म्हणून वापरलंस. माझी मुलगी, माझ्या मुलीचा जीव! त्या मुलीशी तू गेल्या महिनाभरात किती वेळा बसून बोललायस?

मी कशी आहे ते सांगते. ऑफिसला जाताना बस उतारावर आली की मी पाय खाली दाबते. बसमध्ये. समोर सीटची पाठ असते आणि मी तिच्याखाली ब्रेक शोधते. शेजारचे लोक बघतात.

तो शीळफाट्याचा माणूस आज आलेला. मी त्याला परत पाठवलं. गाडीत काय झालं ते न सांगता ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची, हे मला मान्य नाही. डॅडी, तू तेव्हा चर्चमध्ये होतास, म्हणून आता वाचतोयस.

आणि आता जे सांगायचं नव्हतं ते. मी शपथ घेतलेली, पण काकांचं शेवटचं पत्र वाचल्यावर ती पाळायची माझी इच्छा उरली नाही.

गाडी दोन सीटची आहे. दुसऱ्या सीटवर कोण होतं, हे तुमच्यापैकी कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

शकूकाकी होती.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठाण्याला आलेली. तिला तिथून आणायला म्हणूनच मी गाडी मागितली. कितीदा मला म्हणालेली, “चार वर्षं माझे रविवार खाल्ले गं ह्या गाडीने, एकदा बसून तरी बघू दे.” काका, कागदावर तुमचं नाव लागेपर्यंत आपल्या घरातलं कुणी त्या गाडीत बसायचं नाही, असं म्हणे तुम्ही सांगून ठेवलंय. म्हणून ती चोरून बसली. साठीची बाई, स्वतःच्या नवऱ्याच्या गाडीत चोरून! घाटापलीकडे खाडी दिसते तिथे थांबून भजी खायची असं आमचं ठरलेलं. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. काच खाली करून हात बाहेर काढत होती आणि हसत होती.

मग पेडल गेलं. भिंत तिच्या बाजूला होती. मी मुद्दाम त्या बाजूला घेतली, कारण दुसऱ्या बाजूला ट्रक येत होते. म्हणजे मी तिला भिंतीला लावलं, हे मला माहीत होतं आणि तरी मी ते केलं. ती माझा दंड धरून बसली. आठवडाभर तो निळा होता.

गाडी थांबल्यावर ती पहिलं काय बोलली माहितेय? “ह्यांना सांगू नकोस. ब्रेक ह्यांनी बसवलेत. आत मी होते हे कळलं तर परत पान्याला हात लावणार नाहीत ते.” मग मी तिला रिक्षाने स्टेशनवर सोडलं आणि ती घरी जाऊन तुमच्यासाठी भाकऱ्या करायला लागली असेल.

तिला वाटलं, चूक तुमच्या हातून झाली. म्हणून ती गप्प बसली. तुम्हाला चूक दिसत होती, काका, आणि तुम्ही गप्प बसलात.

गाडी आता मी ठेवतेय. २३ तारखेला रविवारी जुनं तेल मी काढणार आणि सीलबंद डब्यातलं नवं भरणार. कसं करायचं ते मी शिकलेय. तुम्ही दोघांनी यायचं, खुर्च्या टाकून बसायचं आणि मी विचारीन तेवढंच सांगायचं. हात लावायचा नाही. काम झालं की मी घाटात जाणार, आणि दुसऱ्या सीटवर तुमच्यापैकी एक जण बसणार. कोण, ते समोरासमोर ठरवा. पत्र लिहून नाही.

पामेला


टिटवाळा
१६ मार्च २०२५

ऑस्वल्ड,

पामेलाला लिहायचं धाडस झालं नाही, म्हणून तुला लिहितोय. तिला वाचायला दे.

तिचं पत्र बुधवारी आलं. मी ते दोनदा वाचलं आणि शकूपुढे ठेवलं. मी तुला पाच तारखेला काय लिहिलं तेही तिला सांगितलं, बाटलीसकट, काही न लपवता. ती भाजी निवडत होती. हात पुसले, पत्र खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरून सगळं वाचलं. वाचताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

मी बोलत सुटलो. म्हटलं, मला वाटलं होतं ऑस्वल्डच चालवेल. त्यात पामेला असेल, तू असशील, हे माहीत असतं तर मी तिथल्या तिथे ती बाटली फोडली असती. तुलाही मी हेच लिहिलं होतं. लिहिताना ते मला पुरेसं वाटलं होतं.

शकू उठून माझ्या उजव्या बाजूला आली. माझ्याशी बोलायचं म्हणजे तिला ओरडावं लागतं. अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, “म्हणजे ऑस्वल्डभाऊ एकटे असते तर चाललं असतं?”

मी निवडलेली भाजी उगाच पुन्हा निवडू लागलो.

चार दिवस झाले. ती ताट वाढते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवते. ओरडत नाही, म्हणजे बोलतच नाही. मी ह्या प्रश्नाचं उत्तर तुला लिहायला बसलो आणि कागद फाडत राहिलो. प्रत्येक कागदावर ‘नाही’ असंच लिहिलं होतं. पण २९ डिसेंबरला पाणी पिताना मी काय विचार केला होता, ते मला आठवतं. त्या दिवशी उत्तर ‘नाही’ असं नव्हतं.

हे तुझ्यासमोर येऊन, तुझ्याकडे बघून बोलायला हवं. २३ला सकाळी येतो. शकूही येणार आहे. शेजारच्या मंदाकिनीला तिने तसं सांगितलं, मला नाही. पामेलाच्या बाजूच्या सीटवर मी बसेन. तिने नको म्हटलं तर फाटकाशी उभा राहीन, ती परत येईपर्यंत.

हत्यारांची पिशवी आणत नाही.

चांगदेव